दोनदा दाबलेला हात

"तुम्ही त्याच ना ताई, नवऱ्याला क्षमा केली त्या?"

खिडकीबाहेरच्या माणसाने हे विचारलं आणि काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून तो असा हसला, जणू त्यांची लहानपणापासूनची ओळख असावी. बस-स्थानकाच्या 'हरवले-सापडले'च्या खिडकीत तिला सोळा वर्षं झाली होती. या सोळा वर्षांत माणसांनी तिला काय काय विचारलं नव्हतं! माझी छत्री आली का, माझी कवळी आली का. एकाने तर माझी बायको इकडे आली का असंही विचारलं होतं, आणि तो चेष्टा करत नव्हता. पण हा प्रश्न पहिलाच. तिच्या हातात या माणसाची पिशवी होती, राखाडी कापडाची, परवा सात नंबरच्या बसमध्ये मागच्या सीटखाली सापडलेली, आणि पिशवीत काय आहे हे त्याने अजून सांगायचं होतं. वस्तू आधी दाखवायची नाही हा तिचा नियम. वर्णन जुळलं की सही, सही झाली की वस्तू. नियम तिने स्वतःच केला होता, कारण माणसं आपल्याच वस्तूंना किती कमी ओळखतात हे तिने पहिल्या महिन्यातच पाहिलं होतं. "काळी छत्री" म्हणतात, आणि मागे फळीवर एकेचाळीस काळ्या छत्र्या उभ्या असतात. मूठ कशी होती विचारलं की आकाशाकडे बघतात. दहा वर्षं हातात धरलेली मूठ.

"पिशवीत काय होतं?" ती म्हणाली.

"स्वेटर. निळा. बाह्या लांब झाल्यात. वहिनीने अंदाजाने विणलाय, अकरा वर्षांत तिने मला बघितलंच नव्हतं ना." त्याच्या नखांच्या कडांना पीठ होतं. बेकरीवाला असणार. "भावाकडे गेलो होतो. अकरा वर्षांनी. आणि हे तुमच्यामुळे बरं का, ताई. लिफ्टवाल्या भाऊंनी शनिवारच्या वर्गात तुमचं सांगितलं नसतं तर मी मेलो असतो, पण भावाच्या दारात गेलो नसतो."

लिफ्टवाले भाऊ म्हणजे तिचा नवरा, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. शनिवारचा वर्ग म्हणजे चर्चच्या मागच्या खोलीतली पुरुषांची बैठक, दुपारी चार ते सहा. तिथे काय चालतं हे बायकांना कळू नये असा दंडक होता आणि तिने कधी विचारलंही नव्हतं, कारण पुरुष खोलीचं दार लावून बसले की प्रार्थना करतात आणि प्रार्थना संपली की गुडघेदुखीबद्दल बोलतात, अशी तिची समजूत होती. आता तिने हातातली पिशवी घट्ट धरली. पण सोळा वर्षांची सवय चेहऱ्याने सांभाळली. समोरच्याला आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे कळू द्यायचं नसतं.

"काय सांगितलं त्यांनी?"

"तुम्हाला माहीतच आहे की."

"मला माहीत आहे. तुम्ही सांगा. जुळतंय का बघते."

तो मोठ्याने हसला आणि सांगायला लागला, आणि माणूस भाबडा असल्यामुळे त्याने काही म्हणून गाळलं नाही. चौथ्या मजल्यावरचा दातांचा दवाखाना. तिथली मदतनीस बाई. नऊ वर्षांपूर्वीचे आठ महिने. मग तुमचं सात महिन्यांपूर्वीचं पित्ताशयाचं ऑपरेशन, भाऊ बाहेर बाकावर बसलेले, आतून काही कळत नाही, तेव्हा त्यांनी देवाला शब्द दिला की ही उठली तर हिला सगळं सांगीन. आणि सांगितलं. तुम्ही नुकत्या बाहेर आलेल्या, डोळे मिटलेले, तोंडातून शब्द फुटत नाही. भाऊ तुमचा हात हातात घेऊन सगळं बोलले आणि म्हणाले, मला क्षमा करशील का? "आणि तुम्ही त्यांचा हात दाबलात. दोनदा." बेकरीवाल्याने डोळे पुसले. "दोनदा, ताई. आमच्या वर्गातले दोघे तर ढसाढसा रडले. पाळकसाहेब म्हणाले, ज्याला क्षमा मिळाली त्याने ती घडी घालून कपाटात ठेवायची नसते, दुसऱ्यांपर्यंत न्यायची असते. तेव्हापासून भाऊ जातात ना सगळीकडे. दवाखान्यात, तुरुंगात. किती घरं जुळली माहितेय?"

तिला माहीत नव्हतं. तिने पिशवी त्याला दिली. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की रजिस्टरमध्ये त्याची सही घेतलीच नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा एक रकाना रिकामा राहिला, आणि ती त्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसली. तिची क्षमा अशीच गेली होती. कुणीतरी येऊन, वर्णन न विचारता, सही न घेता देऊन टाकली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

हात दाबल्याचं तिला आठवत होतं, हीच तर गंमत. ऑपरेशननंतरच्या त्या धुक्यात तिला एवढी एकच गोष्ट लख्ख आठवत होती: नर्स, चाळिशीची, बोलायला खणखणीत, कानाशी येऊन म्हणत होती, "काकू, ऐकू येतंय का? येत असेल तर हात दाबा. दोनदा दाबा." आणि तिने दाबला होता. तिने त्या दिवशी सगळ्यांचे हात दाबले. नर्सचा दाबला, रक्तदाब मोजायला आलेल्या मुलीचा दाबला, चादर बदलायला आलेला माणूस दचकून मागे सरकला तो त्यामुळेच. हातात हात आला की दोनदा दाबायचा, एवढंच जगात काम उरलं होतं आणि ती ते मनापासून करत होती. त्यात हा केव्हातरी येऊन बसला असेल. बसला, रडला, बोलला, हात दाबून घेतला आणि हलका होऊन घरी गेला. इतका हलका, की त्या रात्री त्याने म्हणे शेजाऱ्यांकडे दोन वेळा वाढून घेतलं. हे तिला शेजारणीने कौतुकाने सांगितलं होतं, आणि नवऱ्याला आपली एवढी काळजी वाटली की सुटकेने भूक लागली, असं समजून ती सुखावली होती. मूर्ख. ती स्वतःलाच म्हणाली, पण त्यात फारसा जोर नव्हता. जोर सगळा चौथ्या मजल्यावर गेला होता.

त्या बाईला तिने कधी पाहिलं नव्हतं. म्हणून दुपारभर ती तिला हाताशी असलेल्या सामानातून बनवत बसली. मागच्या कपाटात बायकांच्या वस्तूंचा वेगळा कप्पा होता. तिने त्या बाईला शिंपल्याच्या रंगाची केसांची पिन दिली, एकच उरलेला पातळ चामड्याचा हातमोजा दिला, अर्धी वापरलेली लाली दिली. उंची किती द्यावी यावर थोडी अडली. नवरा तिच्याहून बोटभर बुटका होता, तेव्हा ती बाई त्याच्याहून बुटकी असणार, वर बघून बोलणारी. वर बघून बोलणाऱ्या बायकांचा तिला पहिल्यापासून राग. मग तिला नऊ वर्षांपूर्वीचा एक महिना आठवला. एकाच इमारतीची लिफ्ट आठवड्यातून तीनदा बंद पडत होती. "असली कसली हो लिफ्ट," ती म्हणाली होती, "मालकाला सांगा, नवी बसवा." आणि तो ताटावरून मान वर न करता म्हणाला होता, "जुनं यंत्र आहे, सांभाळून घ्यावं लागतं." केवढा हा धीटपणा! सांभाळून घ्यावं लागतं म्हणे.

संध्याकाळी तो घरी आला. हात धुतले, ग्रीसचा काळा पट्टा मनगटावर नेहमीसारखाच राहिला, आणि त्याने विचारलं, "टाके ओढतात का गं अजून?" गेले सात महिने तो हे रोज विचारत होता. सात महिने तो कपडे वाळत घालत होता, सकाळचा चहा करून आणत होता, आणि ती बसली की तिच्या पाठीमागे उशी सरकवत होता. आजारपणाने माणूस सुधारला, असं तिने मनात नोंदवून ठेवलं होतं. आता त्या प्रत्येक चहाकडे तिने परत वळून पाहिलं. ते कप तिच्यासाठी नव्हतेच. ते त्या दुसरीसाठी होते, त्या खाटेवरच्या बाईसाठी, जी डोळे मिटून पडली होती आणि जिने एकही प्रश्न न विचारता, एकही भांडं न आपटता दोनदा हात दाबला होता. हा रोज सकाळी त्या बाईला चहा नेऊन देत होता आणि पीत मात्र ही होती. चौथ्या मजल्यावरची परवडली, ती निदान आठ महिन्यांत संपली. ही थोर बाई घरातच राहायला आली होती, हिच्याच चेहऱ्याने, हिच्याच उशीला टेकून. आणि हिचं नाव लावून तुरुंगात, दवाखान्यात, बेकऱ्यांत फिरत होती.

"काय बघतेस?" तो म्हणाला.

ती आधी थांबली, नेहमीसारखी, एक क्षणभर. "काही नाही," म्हणाली. "मनगट नीट धुवा."

शुक्रवारी दुपारी पाळकसाहेबांचा खिडकीतल्या फोनवर फोन आला. बेकरीवाल्याने दंडक मोडून बाईंशी बोलल्याचं त्यांना सांगितलं होतं, आणि पाळकसाहेबांना त्याचा राग येण्याऐवजी आनंदच झाला होता. ते गोड बोलायचे, समोरच्याला नाही म्हणता येऊ नये इतके गोड. "बाई, इतके दिवस आम्ही एकच बाजू ऐकली. येत्या रविवारी तुम्ही दोन शब्द बोला. पश्चात्ताप त्यांचा, पण क्षमा तुमची. ती तुमच्या तोंडून लोकांपर्यंत जाऊ दे." ती "बघते" म्हणाली आणि फोन ठेवून दोन तास छत्र्या लावत बसली, लांबीप्रमाणे. काय बोलणार? खरं बोलायचं तर उभं राहून एकच वाक्य, की मी काहीही केलेलं नाही, मला नर्सने सांगितलं होतं. मग नवरा सगळ्यांसमोर खोटा पडणार, आणि बेकरीवाल्याच्या भावाच्या घराचं काय, त्या निळ्या स्वेटरचं काय, त्या दोघा ढसाढसा रडणाऱ्यांचं काय? आणि खोटं बोलायचं तर त्या थोर बाईला जन्मभर आपल्या खुर्चीत बसवायचं. तिला दोन्ही नको होतं. तिला काय हवं होतं हे तिने स्वतःला विचारलं तेव्हा जे उत्तर आलं ते फारच क्षुल्लक होतं, आणि म्हणूनच खरं असावं. तिला ते आधी हवं होतं. बेकरीवाल्याच्या आधी, तुरुंगातल्या माणसांच्या आधी. आपल्या नवऱ्याचं पाप आपल्याला सगळ्या गावाने वापरून झाल्यावर, तेही खिडकीतून मिळावं, याने तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

शनिवारी साडेचारला ती चर्चच्या मागच्या दाराने आत गेली आणि चहाच्या कोनाड्यात उभी राहिली. कोनाडा आणि खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती, खालून वीतभर उघडी. फटीतून तिला अकरा खुर्च्यांचे पाय आणि अकरा जोडी बूट दिसले. नवऱ्याचे तिने टाचांवरून ओळखले. तो बोलत होता. त्याचा आवाज ऐकून तिला आधी नवलच वाटलं. घरात तो चार शब्दांचा माणूस, ते चारही गॅस, दूध, चावी, लाइट. इथे तो वाक्यंच्या वाक्यं बोलत होता, मध्ये थांबत होता, योग्य जागी थांबत होता, ऐकणाऱ्यांचा श्वास कुठे अडकतो हे त्याला पाठ होतं. त्याने दवाखान्याचा बाक सांगितला. भिंतीवरचं घड्याळ सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर घड्याळ होतं हे तिला आज कळत होतं, अकरा जोडी बुटांच्या मागून. आणि त्याने चौथा मजलाही सांगितला, थोडक्यात, मान खाली घालून असणार. ते ऐकताना तिला लवंगेच्या तेलाचा वास आला. खरा, नाकात. दातांच्या दवाखान्यात असतो तसला, त्याच्या शर्टाच्या कॉलरला यायचा तसला. तिने तो नऊ वर्षांपूर्वी पहिल्याच आठवड्यात ओळखला होता, शर्ट भिजत घालताना, आणि बादलीत साबण दुप्पट टाकला होता. तिने ही आठवण आत्तापर्यंत हातसुद्धा न लावता बाजूला ठेवली होती. गुरुवारी खिडकीपाशी पिशवी घट्ट धरली होती त्यात धक्का किती आणि ओळख किती, हे आता तिला नको तितकं स्पष्ट दिसलं.

कुणीतरी नवा माणूस बोलला, खर्जातला आवाज. "तुमचं नशीब थोर, भाऊ. आमच्या हिला सांगितलं तर ती हात दाबणार नाही, गळा दाबेल." दोघेतिघे हसले. "तुमची बायको हजारात एक. सगळ्यांना नसते अशी."

नवरा हसला नाही. बराच वेळ काही बोललाच नाही, आणि ही थांबण्याची जागा पाठ केलेली नव्हती हे तिला बाहेरूनही कळलं.

"माझीही नसेल तशी," तो म्हणाला. "एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. मी जवळ बसायच्या आधी नर्सने तिला सांगितलं होतं, ऐकू येत असेल तर दोनदा हात दाबा म्हणून. मी तिथेच उभा होतो. ऐकलं होतं मी. नंतर ते कानामागे टाकलं. सात महिने शंभर माणसांना क्षमेबद्दल सांगितलं, पण घरी जाऊन तिला परत विचारायचं धाडस झालं नाही. ती नाही म्हणाली तर तुम्हा सगळ्यांचं काय, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे माझं काय, हीच भीती होती."

हेही त्यांना आधी. तिच्या मनात पहिलं हेच आलं, आणि त्या क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की लाजेनेच तिचे पाय चालायला लागले. ती भिंतीला वळसा घालून खोलीत गेली. अकरा पुरुष एकदम उभे राहिले, शाळेत तपासणीला कुणी आल्यासारखे. बेकरीवाला पांढराफटक पडला, त्याने निळा स्वेटर घातला होता आणि बाह्या खरोखरच लांब होत्या.

"बसा," ती म्हणाली. कुणी बसलं नाही. नवऱ्यासमोरची खुर्ची रिकामी झाली होती, ती तिच्यात बसली. "अहो, मला सांगा."

"काय?"

"हेच. पहिल्यापासून. त्या दिवशी मला भूल दिली होती."

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मग बेकरीवाला घसा साफ करून म्हणाला, "चला, चहाचं बघू या." दहा माणसं एक चहा बघायला गेली, आणि शेवटच्याने दार इतकं हळू लावलं की कडी वाजलीच नाही.

तो सांगायला लागला आणि त्याला ते जमेना. वर्गात घासून गुळगुळीत झालेली गोष्ट तिच्यासमोर दर वाक्याला अडत होती. बाकाशी आला आणि घड्याळ विसरला. जिथे त्याचा आवाज नेहमी भरून यायचा तिथे तो नुसताच कोरडा पडला. ती मध्ये बोलली नाही. फक्त एकदा विचारलं, "तिच्यात काय होतं?"

तो बराच वेळ मनगटावरचा काळा पट्टा चोळत राहिला. "ती ऐकायची. मी लिफ्टबद्दल बोलायचो. दोरांचा ताण कसा बघतात, नुसत्या आवाजावरून बिघाड कसा कळतो. एकदा तुलाही सांगायला लागलो होतो. तू म्हणालीस, बंद पडते, तुम्ही चालू करता, एवढंच ना?"

तिला आठवलं नाही. पण वाक्य तिचंच होतं, आवाजासकट.

"हे यांना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"तुझ्यावर ढकलल्यासारखं झालं असतं."

म्हणजे हे तिचं होतं. कुणाचा हात न लागलेलं, फक्त तिच्यासाठी ठेवलेलं, आणि नेमकं तेच तिला सर्वांत जास्त लागलं. तरीही आत कुठेतरी काहीतरी निवलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. ती खुर्चीत पुढे सरकली. तो वाट बघत होता. त्याचा हात गुडघ्यावर उताणा पडला होता, सवयीने, आणि तिने आपले हात मांडीवरच ठेवले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"गुरुवारी कळलं ना? बेकरीवाल्याने सांगितलं मला."

"नऊ वर्षांपूर्वी. पहिल्या आठवड्यात. तुमच्या शर्टाला लवंगेच्या तेलाचा वास यायचा."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मी बोलले नाही. आधी भीतीने. मग ते संपलं, तेही मला वासावरूनच कळलं, तेव्हा बोलायला हरकत नव्हती. पण तोवर मला ते आवडायला लागलं होतं. तुम्ही काहीही विचारलंत की मी आधी थांबते ना, एक क्षण? तुम्हाला वाटतं स्वभाव आहे. तो स्वभाव नाही. तेवढ्यात तुमचा चेहरा पडायचा, आणि तो पडावा म्हणूनच मी थांबायचे. नऊ वर्षं."

तो उठला. खिडकीपाशी गेला, परत आला, एका रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. त्याच्या कपाळावर एक शीर उठली होती, तिने कधी न पाहिलेली.

"मी झोपेत बोलेन म्हणून घाबरायचो," तो म्हणाला. "बाहेरच्या खोलीत झोपायचो, घोरतो म्हणून सांगून."

"माहीत होतं."

"आणि तू मला तसंच ठेवलंस."

"हो. ते माझं आहे. त्याबद्दल मला क्षमा करा."

शंभर माणसांना हे कसं करायचं असतं ते सांगितलेला तो माणूस खुर्ची धरून उभा होता, आणि त्याचं तोंड दोनदा उघडून मिटलं. भिंतीपलीकडे चहा कधीच उकळून झाला होता, कप एकमेकांना लागू नयेत म्हणून दहा माणसं जपत होती. आता दुखावल्याचा चेहरा त्याचा होता. तिने तो ओळखला, आरशातल्यासारखा, आणि पहिल्यांदाच तिला त्या खाटेवरच्या बाईचा हेवा वाटला नाही. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं.

"मला थोडा वेळ लागेल," तो शेवटी म्हणाला.

"लागू दे," ती म्हणाली. "मलाही अजून जमलेलं नाही."